संकीर्ण

पेटीवर पेन्सिलने लिहिले होते, ‘संकीर्ण कागद. तारीख नाही.’

पेन बाहेर लॉकरमध्ये ठेवा, पेन्सिल चालेल, टेबलावर एका वेळी एकच पेटी आणि पेटीतून एका वेळी एकच फोल्डर, हे अकरा वर्षे मी दुसऱ्यांना सांगत आले होते. त्या दिवशी ते सगळे दुसऱ्या कोणीतरी मला सांगितले आणि मी निमूटपणे मान डोलावली. फोल्डर उघडला. आत पाव कागदाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. प्रत्येक चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात एक भोक आणि भोकाभोवती गंजाचे तपकिरी कडे. म्हणजे कधीकाळी त्या तारेला लावलेल्या असणार. चिठ्ठीवर शाईने पुस्तकाचे नाव, लेखक, वाचकाचा क्रमांक, वार आणि तारीख. साल मात्र नाही. आणि या सगळ्यावर आडवे, निळ्या पेन्सिलीने, काउंटरवरच्या माणसाने दिलेले उत्तर. बहुतेक चिठ्ठ्यांवर ‘नाही’. काहींवर ‘बाहेर’. काहींवर ‘बांधणीस’. मधूनच एखादीवर ‘सापडत नाही’, आणि त्याखाली दोन रेघा.

दिलेल्या पुस्तकांची नोंद कुठल्याही ग्रंथालयात सापडते. ही न दिलेल्या पुस्तकांची नोंद होती. कोणाला काय वाचायचे होते आणि ग्रंथालयाला ते देता आले नाही, याचा पुरावा कोणीतरी तारेला लावून ठेवला. पुढे कोणीतरी तो फोल्डरमध्ये घातला. आणि शेवटी माझ्याच व्यवसायातल्या कोणीतरी त्यावर ‘संकीर्ण’ असे लिहून पेटी बंद केली.

आपल्या ताब्यातल्या संग्रहात हा शब्द आपण किती वेळा लिहिला आहे, ते मला तिथे बसल्या बसल्या आठवायला लागले.

मी तिथे होते ती अभ्यास रजेवर. पाच महिन्यांची रजा. विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी पुस्तकांच्या विभागातून अभिलेखांच्या विभागात आले, आणि आता दोन्हींकडचे थोडे थोडे काम माझ्याकडे असते. विषय घेतला होता दाखल नोंदवह्यांचा. ग्रंथालयात आलेले प्रत्येक पुस्तक ज्या वहीत क्रमांकाने चढते, ती वही. तारीख, किंमत, कुठून आले, विकत की भेट, आणि शेवटच्या रकान्यात शेरा: हरवले, जीर्ण, बाद. या वह्या एखाद्या संस्थेचे चरित्र म्हणून वाचता येतील असे मला फार दिवस वाटत होते. वाटत होते इतकेच. सलग दोन तास घेऊन बसणे कधी जमले नव्हते.

ग्रंथालयातल्या माणसाला भरपूर वाचायला मिळत असेल, असे बहुतेकांना वाटते. आमच्या हातांतून पुस्तके जातात हे खरे. पण डोळ्यांखालून जाते ते शीर्षकपान, त्यामागचे पान, अनुक्रमणिका, प्रस्तावनेचा पहिला परिच्छेद. एवढ्यावर विषय ठरवायचा, वर्गांक द्यायचा आणि पुढचे पुस्तक घ्यायचे. एका पुस्तकाला पंधरा मिनिटे मिळाली तर पुष्कळ. अभिलेखांचे त्याहून अवघड, कारण तिथे शीर्षकपानच नसते. आणि हे सगळे चालू असताना काउंटर उघडा असतो. कोणीतरी येते, विचारते, आणि आपण उठतो. उठलेच पाहिजे, त्यासाठीच तर आपण आहोत. पण वर्षानुवर्षे असे उठत राहिले की मनाला तीच सवय लागते. कोणी विचारले नाही तरी मन दर वीस मिनिटांनी आपले आपणच उठते.

रजेच्या अर्जात एक रकाना होता: ‘संस्थेस होणारा लाभ’. मी तीन खर्डे केले. आमच्या आधीच्या ग्रंथपालबाई निवृत्त झाल्या आहेत, त्यांना ते दाखवले. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले आणि म्हणाल्या, “‘वाचन’ हा शब्द काढ. ‘सर्वेक्षण’ लिही. वाचनासाठी तुला कोणी सोडणार नाही.” मी तसे लिहिले, आणि त्याचे मला अजून वाईट वाटते. समितीसमोर पहिला प्रश्न आला, “पदवी मिळणार आहे का?” नाही, म्हटले. “मग अभ्यास कसला?” विचारणाऱ्या गृहस्थांनी स्वतः दोनदा वर्षभराची सबॅटिकल, म्हणजे अध्यापकांना स्वतःच्या अभ्यासासाठी मिळणारी रजा, घेतलेली होती, आणि दोन्ही वेळा त्यांच्यासाठी पुस्तके काढून ठेवणारी मीच होते. त्यांच्या मनात वाकडे काही नव्हते, हे मला माहीत आहे. ग्रंथालयातली बाई प्रश्न घेऊन कुठे जाऊ शकते, हे त्यांच्या डोक्यात कधी आलेलेच नव्हते.

सबॅटिकल हा शब्द शब्बाथवरून आला. सहा वर्षे जमीन कसायची आणि सातव्या वर्षी पड ठेवायची, असा ज्यू धर्मशास्त्राचा नियम. त्या वर्षी आपोआप जे उगवेल ते गोरगरिबांचे. विद्यापीठांत ही कल्पना रुजली ती हार्वर्डमुळे. १८८० मध्ये त्यांनी अध्यापकांना सात वर्षांतून एक वर्ष, निम्म्या पगारावर, मोकळे देण्याचे ठरवले. ही सवलत पुढे करून त्यांनी जॉन्स हॉपकिन्समधून चार्ल्स लॅनमन या अभ्यासकाला आपल्याकडे ओढून घेतले. लॅनमन संस्कृतचे पंडित. पुढे १८८९ मध्ये ते भारतात आले आणि हार्वर्डसाठी संस्कृत-प्राकृत पुस्तके आणि हस्तलिखिते विकत घेऊन गेले. एका ग्रंथालयाचा संग्रह असा एका अध्यापकाच्या प्रवासातून वाढला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मात्र सातवे वर्ष अध्यापकांचे होते. पेट्या उघडून हस्तलिखितांची पाने मोजणाऱ्यांचा विचार त्यात नव्हता.

तो यायला पुष्कळ काळ जावा लागला. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन आणि संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने १९७१ मध्ये निकष ठरवले. ग्रंथपालाचा दर्जा अध्यापकाच्या बरोबरीचा असावा आणि त्याबरोबर सबॅटिकल व संशोधनाची रजाही मिळावी, असे त्यांत स्पष्ट म्हटले. कॅनडातल्या बऱ्याच विद्यापीठांत ग्रंथपाल आणि अभिलेखपाल अध्यापकांच्याच संघटनेत असतात, आणि त्यांच्या रजेची कलमे सामूहिक करारात लिहिलेली असतात. करारात लिहिलेले असणे आणि साहेबांच्या मर्जीवर असणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कलम असले की अर्ज करताना मान खाली घालावी लागत नाही. अनेक ठिकाणी मात्र शब्दांतच गोम असते. अध्यापकाला ‘सबॅटिकल’, ग्रंथपालाला ‘अभ्यास रजा’. पहिलीत माणूस स्वतःचा प्रश्न घेऊन जातो. दुसरीत त्याने काहीतरी शिकून यायचे असते: एखादी पदवी, एखादा अभ्यासक्रम, एखादी नवी प्रणाली. एकाकडे ज्ञान निर्माण करणारा म्हणून पाहायचे आणि दुसऱ्याकडे प्रशिक्षण घेणारा म्हणून, हा भेद त्या दोन शब्दांत आहे, आणि तो मला पटत नाही.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणाऱ्या एस. आर. रंगनाथनांची गोष्ट या संदर्भात मला पुन्हा पुन्हा आठवते. १९२४ च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाने त्यांना ग्रंथपाल नेमले तेव्हा ते गणिताचे अध्यापक होते. ग्रंथालयातले एकाकीपण त्यांना सोसेना. मला परत कॉलेजात पाठवा, म्हणून ते विनवायला गेले. तोड अशी निघाली की आधी लंडनला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिका, तरीही मन रमले नाही तर परत या. ते गेले. युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे इंग्लंडमधली ग्रंथालये एकामागून एक पाहत हिंडले. सेल्फ्रिजेस या दुकानात मेकॅनोचा खेळ त्यांच्या नजरेस पडला. तेच तेच सुटे भाग वेगवेगळे जोडून वेगवेगळ्या वस्तू तयार होतात, हे पाहून त्यांना वर्गीकरणाची वाट दिसली. विषयांची आधीच बांधलेली यादी करायची नाही. विषयाचे सुटे पैलू करायचे आणि गरजेप्रमाणे जोडायचे. त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती १९३३ मध्ये छापून आली, तिचे मूळ हे.

काउंटरवर बसून हे सुचले नसते असे मी म्हणणार नाही. त्यांच्यासारख्या माणसाला कुठेही सुचले असते. पण दुकानाच्या काचेसमोर थांबायला वेळ होता म्हणून ते तिथे सुचले, हे तर खरे. आणि याच रंगनाथनांनी मद्रासला परतल्यावर वीस वर्षांत एकदाही सुट्टी घेतली नाही, असे सांगतात. आमच्या व्यवसायात त्यांच्या त्या वीस वर्षांचे दाखले फार दिले जातात. लंडनच्या महिन्यांचे कोणी देत नाही.

माझे पहिले तीन आठवडे वाया गेले असे मला तेव्हा वाटले. वाचनकक्षात दार वाजले की मी वर बघायची. कोणी गोंधळलेले दिसले की माझे पाय खुर्चीखालून सरकायचे. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने फोल्डरमधले कागद उलटे ठेवलेले पाहून मी जवळजवळ उठलेच होते. नोंदवही समोर उघडी असायची आणि मी पाने उलटत राहायची.

चौथ्या आठवड्यात वाचता येऊ लागले. त्याबरोबर आणखी एक गोष्ट झाली: वाचकाला काय काय सोसावे लागते ते कळले. सूचीत आपल्या मनातला शब्द टाकावा आणि काहीच येऊ नये. मग सूची करणाऱ्याच्या मनातला शब्द ओळखत बसावे. मागणी देऊन चाळीस मिनिटे वाट पाहावी आणि वेगळीच पेटी यावी. चूक बहुधा आपलीच असेल असे वाटून विचारायलाही संकोच वाटावा. मी, या व्यवसायातली, अकरा वर्षांची अनुभवी बाई, काउंटरवर जाऊन विचारायला दोन दिवस कचरले. आपल्याकडे येऊन कोण कोण न विचारताच परत गेले असेल, हा विचार त्यानंतर डोक्यातून गेला नाही.

आणि मग त्या चिठ्ठ्या.

‘तारीख नाही’ हे पेटीवरचे वर्णन अर्धेच खरे होते. साल नव्हते, पण वार आणि तारीख होती. एखादी तारीख त्याच वारी अठ्ठावीस वर्षांत चारदाच येते. म्हणजे प्रत्येक चिठ्ठीला मोजकीच साले लागू पडत होती. शिवाय चिठ्ठ्या क्रमाने होत्या, कारण ज्याने त्या तारेतून काढल्या त्याने क्रम मोडला नव्हता. कागद ज्या क्रमाने आले तो क्रम जपा, हे मुलर, फाइथ आणि फ्राउन या तीन डच अभिलेखपालांनी १८९८ मध्ये नियम म्हणून मांडले, आणि आम्ही ते पहिल्या वर्षीच पाठ करतो. पाठ केलेल्या नियमाचा उपयोग होताना मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होते. पुस्तकांच्या नावांवरून आणखी अंदाज बांधता आला, कारण पुस्तक छापून येण्याआधी त्याची मागणी येणार नाही. दोन आठवडे जुळवाजुळव केल्यावर सगळा गठ्ठा सलग तीन वर्षांत बसला.

मग मी तो दाखल नोंदवहीशेजारी ठेवून वाचला.

एक वाचक होता, क्रमांक ६१४. त्याने, किंवा तिने, मधमाशांवरचे पुस्तक मागितले. ‘नाही’. दीड महिन्याने दुसऱ्या लेखकाचे मागितले. ‘नाही’. मग मधाच्या व्यापारावरचे, मग कीटकांवरचे एक जाडजूड पुस्तक, त्यावर ‘बाहेर’. पुन्हा मधमाशा. एकूण सहा चिठ्ठ्या, एकाच हाताच्या, शेवटच्या दोन घाईघाईने लिहिलेल्या. दाखल नोंदवहीत पुढच्या वर्षीच्या खरेदीत, कायद्याच्या आणि व्याकरणाच्या पुस्तकांच्या मधोमध, एक ओळ आहे: मधमाशापालन, सचित्र, नवीन, विकत. त्यानंतर ६१४ ची चिठ्ठी त्या गठ्ठ्यात नाही.

काउंटरवरच्या माणसाने तारेवरच्या चिठ्ठ्या वाचल्या होत्या का? खरेदीच्या यादीत ती ओळ त्याने घातली का? मला वाटते, घातली. सिद्ध करता येणार नाही. त्याचे नाव कुठेच नाही, फक्त निळी पेन्सिल आहे.

माझा सगळा अभ्यास त्या दिवसापासून वळला. दाखल नोंदवह्यांत ग्रंथालयाने काय घेतले ते असते. का घेतले, याचे उत्तर निदान त्या एका जागी या चिठ्ठ्यांत होते. आणि असे कागद आमच्या व्यवसायात बहुतेक ठिकाणी रद्दीत जातात किंवा ‘संकीर्ण’ होतात.

‘संकीर्ण’ लिहिणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. मी देणार नाही. कागद येत राहतात आणि माणसे तेवढीच असतात. मार्क ग्रीन आणि डेनिस माइसनर या अमेरिकी अभिलेखपालांनी २००५ मध्ये मांडले की एकेक कागद चाळत बसण्यापेक्षा ढोबळ वर्णन करून संग्रह वाचकांसाठी लवकर खुले करावेत. वर्षानुवर्षे बंद पेट्यांत पडून राहणे हे त्या कागदांचे मोठे नुकसान आहे. मला ते पटले होते, अजूनही पटते. त्या पेटीवर निदान ‘संकीर्ण’ लिहिले होते म्हणून ती यादीत आली आणि माझ्या टेबलापर्यंत पोचली. पण ढोबळ वर्णनात एक वचन अध्याहृत असते: कधीतरी परत येऊ, आणि नीट बघू. ते परत येणे कामाच्या दिवसांत कधीच बसत नाही. ते कुठे बसायचे? माझ्या लेखी अभ्यास रजेचे सगळ्यात भक्कम कारण हे आहे, आणि ‘संस्थेस होणारा लाभ’ या रकान्यात मी हेच लिहायला हवे होते.

आता जी गोष्ट मला टाळता येत नाही ती. शेत पड ठेवता येते, काउंटर ठेवता येत नाही. अध्यापक रजेवर गेले की त्यांचा एखादा विषय त्या वर्षी शिकवला जात नाही, किंवा दुसरे कोणी शिकवते. मी गेले तेव्हा माझी बदली माणसे आली नाहीत. मंजुरीपत्रात ‘अंतर्गत व्यवस्थेने’ असे दोन शब्द होते. ती व्यवस्था म्हणजे माझा तरुण सहकारी. पाच महिने त्याने दोन माणसांचे काम केले. साठा पडताळणी त्याच काळात आली. छताला गळती लागली तेव्हा रात्री येऊन पेट्या हलवल्या त्यानेच, आणि ते मला कळले मी परतल्यावर. “तुम्हाला सांगितले असते तर तुम्ही आला असता, मॅडम,” तो म्हणाला. मी गेलेच असते.

म्हणून रजेबद्दल कोणी फक्त मोकळेपणाच्या गोष्टी सांगू लागले की मला अस्वस्थ वाटते. बदली माणसाचा पगार ज्या रजेच्या हिशेबात धरलेला नाही, ती रजा शेजारच्या खुर्चीकडून घेतलेले कर्ज असते. एकट्या माणसावर चालणाऱ्या ग्रंथालयांत तर ती कागदावरच राहते. हक्क आहे, पण दाराला कुलूप लावून जाणार कोण? रजेचे कलम आणि बदलीची तरतूद एकाच परिच्छेदात लिहिली गेली पाहिजे. हे मी अहवालातही लिहिले, अहवालाचा विषय तो नसला तरी.

परतल्यावर पहिली गोष्ट केली ती आमच्या सूचीच्या प्रणालीत. वाचकाने शोधले आणि काहीच मिळाले नाही, असे शोध ती प्रणाली काही दिवस ठेवते आणि मग पुसते. म्हणजे आमचीही निळी पेन्सिल होती, आणि आम्ही दर महिन्याला ती पुसत होतो. ते शोध आता जपून ठेवायचे ठरवले. त्यावर बरीच चर्चा झाली, आणि व्हायलाच हवी होती. कोण काय वाचू पाहतो हे गुपित राखणे आमच्या व्यवसायाचे मूळ कर्तव्य आहे. ६१४ कोण हे आज कोणाला कळणार नाही. आजच्या वाचकाचे तसे नाही. म्हणून शोधाचे शब्द ठेवतो, वाचकाची ओळख त्याच दिवशी तोडून टाकतो. त्यामुळे एकच माणूस सहा वेळा आला हे आम्हाला कधीच दिसणार नाही. ते नुकसान मी समजून-उमजून पत्करले आहे.

दुसरे काम चालूच आहे. आमच्या यादीत ‘संकीर्ण’ हा शब्द असलेल्या सगळ्या नोंदी काढल्या. त्यांतल्या बऱ्याच माझ्या हातच्या. शुक्रवारी दुपारी एक पेटी उघडायची, एवढेच ठरवले आहे. दर शुक्रवारी जमत नाही.

यंदा माझ्या त्या सहकाऱ्याने अर्ज केला. अम्लयुक्त कागदावर त्याला काम करायचे आहे: कुठले कागद आधी ठिसूळ होतात, आणि साठवणीच्या खोलीतल्या हवेशी त्याचा संबंध काय. शिफारस मी लिहिली. या वेळी चार महिन्यांसाठी बदली माणूस मिळाला, तो अर्धवेळ, पण मिळाला. ‘संस्थेस होणारा लाभ’ या रकान्यात त्याने काय लिहावे असे त्याने मला विचारले नाही. त्याने लिहून आणले होते. पहिले वाक्य होते, ‘मला या विषयावर सलग वाचायचे आहे.’ मी त्याला हात लावला नाही.

काल त्याने किल्ल्या दिल्या. साठवणीची, नकाशांच्या कपाटाची, आणि तळघराची, जी डावीकडे अर्धी फिरवून मग उजवीकडे फिरवावी लागते. काउंटरच्या खणात एक पुठ्ठ्याचा छोटा डबा होता. प्रणालीत शोधायला न जाता थेट येऊन विचारणाऱ्यांचे न मिळालेले विषय तो त्यात लिहून टाकत होता. कोणाचे नाव नाही, फक्त विषय आणि तारीख. सालासकट.

“यातले तीन अजून बघायचे राहिलेत,” तो म्हणाला. मी चिठ्ठ्या काढून टेबलावर ठेवल्या आणि पहिली वाचायला घेतली.